सातला नापास कोणी केलं?

दहापैकी सात गुण. बोर्डाच्या परीक्षेत हे सत्तर टक्के झाले, आणि पस्तीसला पास करणाऱ्या राज्यात सत्तर टक्क्यांना कोणी नावं ठेवत नाही. व्हिडिओ गेमला मात्र समीक्षकाने सात दिले की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या गेमिंग कॅफेतला बारावीचा पोरगाही म्हणतो, "सातच? राहू दे मग. सेल लागला की बघू." ज्याने सात दिले त्याने खाली दोन हजार शब्दांत लिहिलेलं असतं की गेम चांगला आहे. आयजीएनसारख्या मोठ्या साइटवर तर सात या अंकाशेजारी 'गुड' असंच छापलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. अंक बघितला, गेम नापास केला, पुढे सरकले.

समीक्षकांचे गुण न्याय्य असतात का, यावर खेळणाऱ्यांची भांडणं वर्षानुवर्षं चालू आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. गुण देणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. अन्याय सुरू होतो तो त्याने दिलेला आकडा दुसऱ्याच्या हातात गेल्यावर. आणि त्या हातांमध्ये आपलेही हात आहेत.

सातची ही अवस्था का झाली ते आधी बघू. स्टीम या एकाच दुकानात २०२४ साली अठरा हजारांहून जास्त नवे गेम आले. एवढ्यांचं परीक्षण करायला जगात माणसं नाहीत. समीक्षक उचलतात ते मोठ्या खर्चाचे, लोक वाट बघत असलेले, निदान नाव कानावर आलेले गेम. खरोखर टाकाऊ माल त्यांच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. म्हणून एक ते पाच हे अंक जवळपास बिनवापराचे पडून राहतात आणि सगळी मारामारी सहा ते दहा या चिंचोळ्या पट्ट्यात होते. आपल्याकडे दहावीला शंभर टक्के मिळवणारी मुलं दरवर्षी शंभराच्या वर निघू लागली, तेव्हा पंच्याऐंशी टक्केवाल्या मुलाच्या आईला नातेवाइकांपुढे कारणं द्यावी लागायला लागली. इथेही तेच. दहाची खैरात झाली की सातला वाली उरत नाही.

कॉलेज रोडच्या अशाच एका कॅफेत दोन मुलांचं जोरदार वाजलेलं मी ऐकलं. तासाच्या हिशेबाने खुर्ची मिळते ती जागा. एकाच्या हातातल्या कंट्रोलरच्या डाव्या काडीचं रबर झिजून खालचं पांढरं प्लास्टिक दिसत होतं आणि तो त्यावर अंगठा घासत तावातावाने बोलत होता. विषय 'ब्लॅक मिथ: वुकाँग'.

"एक्क्याऐंशी? भाऊ, चीनचा गेम आहे ना, म्हणून कापले."

"कापले कुठं? चांगलेत की."

"अरे, स्टीमवर शहाण्णव आहे, शहाण्णव! पब्लिक खोटं बोलतं का?"

"तू कुठपर्यंत खेळलास?"

"पूर्ण स्ट्रीम बघितलीय मी."

या पाच वाक्यांत अख्खं भांडण आलं. वुकाँग २० ऑगस्ट २०२४ला आला, तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या, आणि मेटाक्रिटिकवर समीक्षकांची सरासरी ८१ झाली. स्टीमवरचा आकडा शहाण्णवच्या आसपास. पण हे दोन आकडे एकाच गोष्टीचं माप नाहीत! स्टीमवर खेळणारा फक्त अंगठा दाखवतो, वर किंवा खाली. शंभरातल्या शहाण्णव जणांनी 'घ्या' म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या शहाण्णवांपैकी प्रत्येकाला गेम 'बरा, पैसे वसूल' वाटला असेल तरी आकडा शहाण्णवच येणार. समीक्षकाचे आठ गुण म्हणजे 'किती चांगला' याचं उत्तर आहे, आणि अंगठा म्हणजे 'घ्यावा का' याचं. ज्या गेमला सगळ्या समीक्षकांनी एकमताने आठ दिले त्याला स्टीमच्या पद्धतीने मोजलं तर शंभर टक्के मिळतील. म्हणजे त्या मुलाची 'पब्लिक' आणि गुण कापणारे समीक्षक कदाचित एकच बोलत होते. भांडायला कारणच नव्हतं.

बरं, समीक्षकांनी गुण कापले ते कशासाठी, हेही लिहून ठेवलेलं आहे. वाट मोकळी दिसते, पण पुढे गेलं की नायक हवेत धडकतो, कारण तिथे न दिसणारी भिंत आहे. गेम मध्येच अडखळतो. ही तक्रार चीनबद्दल नाही, भिंतीबद्दल आहे. ती खरी की खोटी हे पाच मिनिटं कंट्रोलर हातात घेतला तर कळतं. स्ट्रीम बघून कळत नाही, कारण स्ट्रीमवर धडकणारा दुसराच कोणीतरी असतो.

उलट बाजूही सांगायला हवी. याच गेमच्या वेळी काही स्ट्रीमर्सना आधी प्रत देताना सोबत सूचना गेल्या होत्या: राजकारण, स्त्रीवादी प्रचार, कोविड असले विषय काढू नका. गेम फुकट देऊन वर काय बोलायचं नाही याची यादी देणं हा समीक्षेचा अपमान आहे. समीक्षक विकले गेलेत असं ओरडणाऱ्यांनी आधी इकडे बघावं. विकत घेण्याचा प्रयत्न कंपन्या करतात, आणि तो लपूनछपूनही करत नाहीत.

त्याचं सगळ्यात उघडं उदाहरण २००७चं. गेमस्पॉट या साइटवर 'केन अँड लिंच' या गेमच्या जाहिराती झळकत होत्या आणि त्याच साइटवर जेफ गर्स्टमन या संपादकाने त्या गेमला दहापैकी सहा दिले. थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. जाहिरातदारांचा दबाव होता हे त्याला उघडपणे सांगता आलं ते २०१२मध्ये. हा किस्सा 'सगळे समीक्षक विकाऊ' याचा पुरावा म्हणून फिरवला जातो. मला तो नेमका उलटा वाटतो. माणसाने नोकरी घालवली, पण सहाचे आठ केले नाहीत. खाली सही करणाऱ्याने किंमत मोजली, आणि आपण त्याच्याच धंद्याला शिव्या देतो.

आता मेटाक्रिटिककडे वळू, कारण खरं दुखणं तिथे आहे. २००१ साली सुरू झालेली ही साइट वेगवेगळ्या ठिकाणचे गुण गोळा करते, शंभराच्या मापात बसवते आणि सरासरी काढते. सरासरी साधी नाही. काही प्रकाशनांना जास्त वजन, काहींना कमी, आणि कोणाला किती हे साइट सांगत नाही. ज्या आकड्यावर माणसांचे पगार ठरतात त्याचं सूत्र गुप्त ठेवलेलं आहे. हे मला मान्य नाही, कोणालाच मान्य असू नये.

पगार म्हणालो ते शब्दशः. 'फॉलआउट: न्यू वेगस' हा गेम ऑब्सिडियन कंपनीने बनवला, प्रकाशक बेथेस्डा. करारात अट होती की मेटाक्रिटिकवर ८५ झाले तर बोनस. २०१०मध्ये गेम आला आणि झाले ८४. एका गुणाने बोनस गेला. तो गेम आज पंधरा वर्षांनीही लोक खेळतात, त्यातल्या संवादांवर आणि निवडींवर तासन्‌तास बोलतात. कुठल्यातरी एका समीक्षकाने आठाऐवजी साडेआठ दिले असते तर कदाचित माणसांच्या खात्यात पैसे आले असते. त्या समीक्षकाला हे माहीतही नव्हतं. त्याने गेमबद्दल मत लिहिलं होतं, दुसऱ्या कोणीतरी त्याची पगारपत्रिका केली. यात दोष कोणाचा? माझ्या लेखी करार लिहिणाऱ्याचा, शंभर टक्के.

आणि हा आकडा गोठलेला असतो. समीक्षकाने आधी दिलेले गुण नंतर बदलले तरी मेटाक्रिटिक पहिलेच धरते. एकेकाळी हे चाललं असतं, कारण डिस्क विकत घेतली की गेम जन्मभर तोच राहायचा. आज गेम महिन्याला बदलतो. 'सायबरपंक २०७७' बघा.

१० डिसेंबर २०२०. आधी समीक्षकांना प्रती दिल्या त्या फक्त पीसीच्या. स्वतः खेळताना केलेलं चित्रण दाखवायलाही मनाई, कंपनीने दिलेलीच दृश्यं वापरा. पीसीवर गेम छान चालला, गुण नव्वदीला टेकले. मग लोकांनी आपापल्या घरी प्लेस्टेशन ४वर तो लावला आणि माणसं चेहऱ्याविना फिरू लागली, गाड्या हवेतून टपकू लागल्या, गेम धाडकन बंद पडू लागला. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. पुन्हा ठेवला तो जून २०२१मध्ये. कंपनीतल्या कर्मचाऱ्यांचा बोनसही नव्वद गुणांना बांधलेला होता, तो नंतर संचालकांनी सोडवला.

या प्रकरणात खेळणाऱ्यांचा राग शंभर टक्के बरोबर होता. सिडकोत किंवा नाशिकरोडला ज्याच्या घरी प्लेस्टेशन ४ आहे, त्याच्यासाठी ते नव्वद गुण दुसऱ्याच गेमचे होते. इथे समीक्षकांचंही चुकलं. 'कन्सोलवर खेळायला दिलेला नाही, म्हणून गुण देत नाही' असं एका सुरात म्हणायला हवं होतं. म्हणाले नाहीत, कारण पहिल्या दिवशी आकडा छापला नाही तर वाचक दुसऱ्या साइटवर जातो. पुढे कंपनीने गेम दुरुस्त केला, २०२३च्या मोठ्या अपडेटनंतर तो खरोखर वाखाणण्यासारखा झाला. पण पहिल्या दिवशीचा फुगलेला आकडा तेव्हाही खोटा होता आणि आज प्लेस्टेशन ४च्या नावापुढचा पडलेला आकडाही पीसीवाल्याच्या कामाचा नाही.

आता खेळणाऱ्यांकडे येतो, कारण आपणही साळसूद नाही.

'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' १९ जून २०२०ला आला. समीक्षकांची सरासरी ९३. त्याच दिवशी हजारो लोकांनी मेटाक्रिटिकवर शून्य ठोकले. गेम संपवायला पंचवीस तासांच्या आसपास लागतात आणि शून्य पडले पहिल्या काही तासांत! कथानक आधीच फुटलं होतं, एका पात्राचं काय होतं ते लोकांना आवडलं नाही, नायिका कोणावर प्रेम करते तेही काहींना आवडलं नाही. नावड असायला हरकत नाही. पण न खेळता शून्य देणारा माणूस समीक्षकाला कुठल्या तोंडाने पक्षपाती म्हणतो? महिन्याभरात मेटाक्रिटिकला नियम करावा लागला की गेम आल्यापासून ३६ तास सामान्य लोकांना गुण देता येणार नाहीत.

हे परदेशातलं झालं म्हणून आपण सुटत नाही. एप्रिल २०१७मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याची बातमी आली, कंपनीने ती नाकारली, तोपर्यंत आपल्या लोकांनी एक तारा द्यायला सुरुवात केली होती. स्नॅपचॅटला तर दिलाच, नाव जवळचं म्हणून स्नॅपडीललाही दिला. मे २०२०मध्ये यूट्यूब विरुद्ध टिकटॉक या भांडणात टिकटॉकचे तारे एकवर आणून ठेवले, गुगलला लाखो परीक्षणं पुसावी लागली. आणि 'फौजी'? पबजीवर २ सप्टेंबर २०२०ला बंदी आली, दोन दिवसांत अक्षय कुमारने या देशी गेमची घोषणा केली, २६ जानेवारी २०२१ला तो आला. आधी पाच ताऱ्यांचा वर्षाव झाला, मग काही दिवसांत घसरगुंडी. वर्षाव करणाऱ्यांना देश दिसत होता, घसरवणाऱ्यांना पबजी आठवत होता. मध्ये जो गेम होता त्यात बंदुका फारशा नाहीत, मारामारीला वजन नाही, एकत्र खेळायची सोय सुरुवातीला नाही, हे शांतपणे सांगणारे आवाज त्या गोंगाटात बुडाले.

देशप्रेमापोटी दिलेला पाचवा तारा आणि रागापोटी दिलेला पहिला तारा, दोन्ही सारखीच खोटी साक्ष. ज्या मुलांनी रात्री जागून गेम बनवला त्यांना दोन्हींतून काहीही शिकता येत नाही.

मग आकडेच काढून टाकावेत का? युरोगेमरने २०१५मध्ये काढून बघितले. 'घ्या', 'घेऊ नका', 'चुकवू नका' अशा शिक्क्यांवर आठ वर्षं चालवलं. २०२३मध्ये तारे परत आणले. वाचकाला एका नजरेत उत्तर हवं असतं, आणि आकडा नसला की परीक्षण शोधात मागे पडतं. म्हणून 'आकडे बंद करा' ही मागणी मी करणार नाही. जपानच्या फामित्सू मासिकाची रीत मला जास्त पटते. एका गेमला चार समीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी वेगळे गुण, शेजारी शेजारी छापलेले, बेरीज चाळीसपैकी. नऊ, नऊ, सहा, आठ असं दिसलं की वाचक लगेच विचारतो, त्या सहावाल्याला काय खटकलं? तो मतभेद हीच खरी माहिती. सरासरी नेमकी तीच पुसून टाकते.

आता नाशिकच्या खिशाकडे बघू, कारण या सगळ्या वादात त्याचा उल्लेख कुठेच नसतो. प्लेस्टेशन ५ इथे २ फेब्रुवारी २०२१ला ४९,९९० रुपयांना आला. सोनीच्या मोठ्या गेमची किंमत तेव्हा ४,९९९ होती. समीक्षकाला ती प्रत फुकट मिळते. त्यात गैर काही नाही, नाटकाच्या समीक्षकालाही पास मिळतो. पण 'आठ तासांत संपतो, तरी अनुभव विलक्षण' हे वाक्य फुकट प्रतीवर लिहिणं वेगळं आणि अंबडला पहिल्या नोकरीवर लागलेल्या मुलाने पगारातले पाच हजार मोजून वाचणं वेगळं. त्याच्यासाठी किती तास हा प्रश्न किती सुंदर या प्रश्नाच्या आधी येतो. वुकाँगला पीसीवर १३० जीबी जागा लागते. समीक्षक ही ओळ तळाच्या चौकटीत टाकून मोकळा होतो. इथे ती रात्रभराची डाउनलोड असते, मध्ये लाइट गेली की घरातले ओरडतात, आणि शेवटी कळतं की आपल्या जुन्या जीटीएक्स १६५० कार्डावर सगळं सेटिंग खाली आणावं लागणार. स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत हे कार्ड कैक वर्षं जगात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या कार्डांत आहे. म्हणजे ही अडचण फक्त नाशिकची नाही. तरी बहुतेक मोठी परीक्षणं महागड्या यंत्रावर लिहिली जातात.

हे कोणी लिहायचं? सॅन फ्रान्सिस्कोतल्या माणसाकडून ती अपेक्षा करणं चूक आहे. तो त्याच्या वाचकासाठी लिहितो, आणि प्रामाणिकपणे लिहितो. आपल्या वाचकासाठी आपण लिहायला हवं आणि ते आपण लिहीत नाही. मराठीला परीक्षणाची परंपरा नाही असं तर कोणी म्हणू शकत नाही. नाट्यसमीक्षक माधव मनोहर नाटक बघून आले की ते कुठल्या परदेशी नाटकावरून घेतलंय, कुठे जमलंय, कुठे घसरलंय ते पुराव्यानिशी मांडायचे. लेखक चिडायचे, वाद व्हायचे, पण वाद मजकुरावर व्हायचा. कालिदास कलामंदिरात मध्यंतराला चहा घेताना नाशिककर आजही दहा मिनिटं तावातावाने बोलतो, पहिला अंक का सैल पडला ते नेमकं सांगतो. त्याला तारे लागत नाहीत. त्याच घरातला मुलगा शंभर तास एखाद्या गेममध्ये राहून येतो आणि त्याच्याकडे दोनच शब्द असतात: ओव्हररेटेड, अंडररेटेड. बुद्धी कमी आहे म्हणून हे होत नाही. गेमबद्दल नीट मराठीत लिहिलेलं त्याने कधी वाचलेलंच नाही, म्हणून होतं.

याची सगळ्यात मोठी किंमत मोजली ती पुण्याच्या एका गेमने. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' बनवायला घेतला. २०१७मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ते जमले नाहीत. तरी ते चिकटून राहिले. १८ ऑगस्ट २०२०ला गेम निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये बाकी ठिकाणी. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या प्रयत्नातल्या उत्तम गेमसाठी नामांकन मिळालं. राजी ही मुलगी, गोलू हा तिचा हरवलेला भाऊ, महाबलासुर हा राक्षस, हातात दुर्गेचा त्रिशूळ. राजस्थानी किल्ल्यांसारखे बुरूज, कड्यांवरून उड्या, मध्ये छायाबाहुल्यांच्या खेळासारखे प्रसंग.

समीक्षकांचे गुण सत्तरीच्या आसपास आले. म्हणजे तेच, सात! आणि लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, आपल्या देवांचा गेम म्हणून गोऱ्यांनी डावललं. दुसरा म्हणाला, आपल्याला जमतच नाही. दोघांनीही परीक्षणं वाचली नव्हती. समीक्षकांनी लिहिलं होतं की दृश्य आणि वास्तू अप्रतिम आहेत, चढणं-उतरणं छान जमलंय, लढाई ढिली आहे, आणि गोष्ट ऐन रंगात येते तिथेच तुटते. मी राजी पूर्ण खेळलो आहे. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. शत्रूला त्रिशूळ लागतो तेव्हा हाताला तो लागल्यासारखा वाटत नाही. शेवट तर असा येतो की पुढचं दार उघडेल म्हणून थांबावं आणि श्रेयनामावली सुरू व्हावी. कंपनीनेही ते मनावर घेतलेलं दिसतं. २०२२मध्ये सुधारित आवृत्ती आली तिच्यात लढाई आणि कॅमेरा दुरुस्त केलेला होता, आणि मूळच्या इंग्रजी आवाजांबरोबर हिंदी आवाजही आले. ज्या सातवर एवढी रडारड झाली, त्याच सातच्या खालच्या मजकुरात दुखणं कुठे आहे ते लिहिलेलं होतं.

पण त्या परीक्षणांत एक मोठी जागा रिकामी होती आणि ती भरणं परदेशी माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. राजी चालत असते तेव्हा भिंतींवर चित्रं लागतात, तिथे थांबलं की दुर्गेच्या आणि विष्णूच्या कथा ऐकू येतात. परदेशी समीक्षकाला त्या नव्या होत्या, म्हणून सगळ्याच सारख्या सुंदर वाटल्या. आपण त्या आजीकडून, कीर्तनातून, नवरात्रातल्या देवळातल्या गर्दीतून ऐकलेल्या आहेत. सप्तशृंगगडावर अठरा हातांच्या देवीपुढे उभं राहिलेल्या नाशिकच्या मुलीला गेममधली दुर्गा ओळखीची वाटते की परकी? कथा सांगताना काय गाळलंय? महिषासुराची गोष्ट जिथे आपल्याकडे दर नवरात्रात उभी राहते, तिथे ती खेळताना अंगावर येते, की माहितीपटासारखी नुसती ऐकू येते? या प्रश्नांची उत्तरं गुण वाढवतील किंवा कमी करतील, मला त्याची पर्वा नाही. ती उत्तरं देऊ शकणारी माणसं इथे होती आणि ती पाच तारे की एक तारा यावर भांडत बसली.

म्हणून पुढच्या आठवड्याची ही जागा मी मोकळी ठेवतो आहे. कॉलेज रोडचे ते दोघे, किंवा पंचवटी, सातपूर, मनमाड, मालेगाव, कुठलंही कोणीही, खेळून संपवलेल्या एका गेमवर हजार शब्द मराठीत लिहून पाठवा. सगळ्यात वर लिहा: कोणत्या यंत्रावर खेळलात, गेम विकत घेतला की मित्राचा आणला, किती तास लागले. न दिसणाऱ्या भिंतीला कुठे धडकलात ते सांगा, आणि कुठल्या प्रसंगाला कंट्रोलर खाली ठेवून नुसतं बघत बसलात तेही सांगा. गुण द्यायचे असतील तर द्या. मी ते लेखाच्या तळाशी, सगळ्यात बारीक टायपात छापीन.